गढूळपणा नाही, तरी मेम्ब्रेन तुंबतात: जलाशयाच्या पाण्यावर चालणाऱ्या एका सिरॅमिक प्लांटचे प्रकरण

पार्श्वभूमी

घाटमाथ्याच्या पूर्वेला, एका मोठ्या जलाशयाच्या फुगवट्यावरून पाणी उचलणारा हा अन्नप्रक्रिया कारखाना. नाव-गाव वगळले आहे. तराफ्यावरच्या पंपाने उचललेले पाणी अडीच किलोमीटर पाइपलाइनने कारखान्यात येते. तिथे त्यात पॉली अॅल्युमिनियम क्लोराइड (पुढे पीएसी; बारीक कणांना एकत्र आणणारे रसायन) पडते, स्टॅटिक मिक्सर आणि तीन-चार मिनिटांच्या फ्लॉक्युलेशन टाकीतून (इथे कणांचे पुंजके, म्हणजे फ्लॉक, बनतात) ते सरळ सिरॅमिक मेम्ब्रेनवर, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीवर, जाते. मध्ये क्लॅरिफायर (गाळ खाली बसवणारी टाकी) नाही. गाळलेले पाणी काही थेट प्रक्रियेला, काही आरओमधून बॉयलरला.

मेम्ब्रेन अॅल्युमिनाच्या, ०.१ मायक्रॉन छिद्राच्या, मोनोलिथ (आरपार नळ्या असलेला एकसंध ठोकळा) प्रकारच्या. एकेका नगात सुमारे २५ चौरस मीटर गाळणपृष्ठ. असे २४ नग, म्हणजे ६०० चौरस मीटर. ताशी ६० घनमीटर पाणी घेतले की फ्लक्स (गाळणपृष्ठातून पाणी जाण्याचा दर) बसतो चौरस मीटरला ताशी १०० लिटर. सिरॅमिकसाठी हा आकडा मुळीच जास्त नाही. बॅकवॉश (पाणी उलटे सोडून धुणे) हवेच्या दाबाने, दर दोन तासांनी, एका वेळेस ६ घनमीटर पाण्याचा. रोज एकदा हायपोचा (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीन देणारे द्रावण) केमिकल बॅकवॉश आणि आठवड्याला एकदा आम्लाचा, असे आराखड्यात लिहिलेले होते.

पुढच्या सगळ्या गुंत्याची सुरुवात एका साध्या गोष्टीत आहे. ऑर्डर देण्यापूर्वी पायलट चालवला होता, पण जुलै-ऑगस्टमध्ये. पावसाळ्यात पाणी १०० एनटीयूच्या (गढूळपणाचे एकक) पुढे गढूळ होते, तेच 'सर्वांत वाईट पाणी' असे सगळ्यांनी गृहीत धरले. पायलट उत्तम चालला, कारण माती ही सिरॅमिकसाठी सोपी गोष्ट आहे. मातीचा थर पृष्ठावर बसतो आणि बॅकवॉशला सुटतो. या जलाशयाचे अवघड पाणी हिवाळ्यात येते. गाळ खाली बसतो, पाणी काचेसारखे दिसते आणि वरच्या थरात नील-हरित शेवाळ वाढते.

अडचण

नोव्हेंबरच्या सुरुवातीला बॅकवॉशनंतरचा टीएमपी (मेम्ब्रेनच्या दोन बाजूंमधील दाबफरक) २४ किलोपास्कल होता. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो ६८ झाला, फेरीच्या शेवटी ११०. प्लांट १२० ला ट्रिप होतो (आपोआप बंद पडतो). मधल्या काळात बॅकवॉशची फेरी दोन तासांवरून एका तासावर आणि मग ४० मिनिटांवर आणली होती. ४० मिनिटांत गाळायचे ४० घनमीटर आणि त्यातले ६ धुण्यात घालवायचे, म्हणजे १५ टक्के पाणी नाल्यात. आधी हेच प्रमाण ५ टक्के होते.

गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा मात्र सतत ०.०५ एनटीयूच्या आसपास. प्रयोगशाळेच्या वहीत तक्रार करण्यासारखे काहीच नाही. मेम्ब्रेन तुंबत चालली तरी पाण्याची गुणवत्ता बिघडत नाही. म्हणूनच धोक्याची घंटा उशिरा वाजते.

पहिले स्पष्टीकरण आले थंडीचे. ते अर्धवट खरे होते. पाणी २७ अंशांवरून २२ वर आले की त्याची श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) ०.८५ वरून ०.९५५ मिलिपास्कल-सेकंद होते, सुमारे १२ टक्के वाढ. म्हणजे २४ चे २७ व्हायला हवे होते, ६८ नव्हे. हा हिशेब दोन ओळींचा आहे, पण तो कोणी केला नव्हता, कारण लॉगबुकात नुसता टीएमपी लिहिला जात होता. सगळे आकडे २० अंशांना आणून पारगम्यता (ठरावीक दाबाला मेम्ब्रेनमधून किती पाणी जाते) काढली तेव्हा चित्र उघडे पडले: नवी असताना एका बार दाबाला ४१०, नोव्हेंबरात ३५४, जानेवारीत १४० (चौरस मीटरला ताशी लिटर). एवढी मोठी घसरण थंडीने होत नाही.

आधी जे केले आणि त्याने का भागले नाही

डिसेंबरमध्ये सगळा भर हायपोवर होता. सेंद्रिय घाण म्हणजे क्लोरीन वाढवा, हा सरधोपट विचार. केमिकल बॅकवॉशमधील क्लोरीन २०० वरून ५०० मि.ग्रॅ./लि. आणि दिवसातून एकदाऐवजी दोनदा. टीएमपी त्या दिवशी चार-पाच किलोपास्कलने उतरायचा आणि दुसऱ्या दिवशी होता तिथे यायचा.

यातल्या दोन चुका निव्वळ व्यवहारातल्या होत्या. हायपोची टाकी पत्र्याच्या शेडबाहेर, दिवसभर उन्हात. कॅनवर १० ते १२ टक्के लिहिलेले, डोसिंगचा हिशेबही त्यावरच. आयोडोमेट्रीने (क्लोरीन मोजण्याची टायट्रेशन पद्धत) तपासले तर क्लोरीन निघाला ५.८ टक्के. म्हणजे २०० समजून जे दिले जात होते ते प्रत्यक्षात ११० च्या घरात. उन्हाळ्यात तर उघड्यावरचा हायपो याहून लवकर मरतो. आलेल्या प्रत्येक गाडीचे आणि दर आठवड्याला टाकीचे टायट्रेशन केल्याशिवाय हायपोचा कोणताही आकडा खरा मानू नये.

दुसरी चूक आम्लाची. आठवड्याचा आम्ल-बॅकवॉश कागदावर होता, प्रत्यक्षात तो महिन्यातून एकदा होत असे. कारण शोधले तर आळस नव्हता, भीती होती, आणि ती रास्त होती. हायपो आणि आम्ल दोन्हींना एकच पंप, एकच पाइप. एकदा पाइपमध्ये हायपो उरला असताना आम्ल सुरू झाले आणि क्लोरीनचा वास पसरला. त्यानंतर प्रत्येक पाळीने आम्ल पुढच्या पाळीवर ढकलले. आराखड्यातला हा दोष ऑपरेटरच्या माथी मारून भागत नाही.

प्री-क्लोरिनेशनही वाढवले होते. तराफ्यावरच २ ते ३ मि.ग्रॅ./लि. क्लोरीन दिला जात होता, पाइपलाइनमध्ये शेवाळ धरू नये म्हणून. त्याचा परिणाम पुढे येतो.

मेम्ब्रेनवर नेमके काय बसले होते

जानेवारीत एक नग रॅकमधून वेगळा काढला आणि त्याच्यावर एकेक रसायन क्रमाने वापरून पाहिले. प्रत्येक टप्प्यानंतर पारगम्यता मोजली आणि काढलेले द्रावण तपासणीला पाठवले. या चाचणीला दोन पथ्ये आहेत. सुरुवात नुसत्या कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइड) करायची, त्यात हायपो घालायचा नाही. नाहीतर सेंद्रिय कार्बन ऑक्सिडाइज होऊन आकडा फसतो. आणि चाचणीपुरते आम्ल सायट्रिक नको, कारण त्याचा स्वतःचाच कार्बन मोजणीत येतो. इथे हायड्रोक्लोरिक वापरले.

१४० वरून कॉस्टिकने (पीएच १२) पारगम्यता २१५ झाली. द्रावण चहासारखे पिवळट-तपकिरी, सेंद्रिय कार्बन भरपूर. मग पीएच २ चे आम्ल: ३२०. या द्रावणात अॅल्युमिनियम आणि कॅल्शियम. पुन्हा कॉस्टिक, या वेळी हायपोसह: ३८५. सर्वांत मोठी उडी आम्लाने दिली हे अनेकांना अनपेक्षित होते. पण आम्लानंतरच्या कॉस्टिकनेही ६५ ची भर घातली, म्हणजे आम्लाने आतले सेंद्रिय थर उघडे केले.

याचा अर्थ असा. शेवाळातून पाण्यात येणारी पॉलिसॅकराइड आणि प्रथिने, ज्यांना एकत्रितपणे बायोपॉलिमर म्हणतात, ती चिकट आणि आकाराने मोठी असतात. एकूण विरघळलेल्या कार्बनमध्ये त्यांचा वाटा लहान, पण ०.१ मायक्रॉनच्या छिद्रांच्या तोंडावर अडकतात ती तीच. त्यांच्या कार्बॉक्सिल गटांना कॅल्शियम आणि अॅल्युमिनियम पुलासारखे जोडतात आणि एक जेल तयार होते. बॅकवॉशला ती दबते, निघत नाही. हायपो वरचा थर खातो, पण धातूंचे पूल तसेच राहतात. आणि या जलाशयाचे पाणी बसाल्टच्या खोऱ्यातले, काठिण्य १४० मि.ग्रॅ./लि. कॉस्टिकचे द्रावण तेच गाळलेले पाणी वापरून बनवले जात होते. पीएच १२ ला त्यातला चुना कॅल्शियम कार्बोनेट होऊन मेम्ब्रेनच्या आतच बसायचा. सफाई करताना आपणच घाण घालत होतो, असे म्हणायला हरकत नाही.

आत येणाऱ्या पाण्याचा तपास

हिवाळ्यातल्या कच्च्या पाण्याचा गढूळपणा ५ एनटीयू, पीएसीचा डोस १२ मि.ग्रॅ./लि. पावसाळ्यात डोस ४५ होता. गढूळपणा उतरला तसा नियमाप्रमाणे डोसही उतरवला. पण विरघळलेला सेंद्रिय कार्बन ४.६ मि.ग्रॅ./लि. होता. यूव्ही-२५४ चे (२५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश; सेंद्रिय द्रव्ये तो शोषतात) शोषण सेंटिमीटरला ०.०९८. दोन्हींचा भागाकार (मीटरच्या हिशेबात) साधारण २.१. हा आकडा ४ च्या वर असता तर पानापाचोळ्याची ह्यूमिक द्रव्ये प्रमुख म्हणता आली असती. २ च्या आसपास म्हणजे शेवाळाचा भाग मोठा. थोडक्यात, गढूळपणामापीला हे पाणी स्वच्छ दिसत होते आणि डोस त्याच मापीच्या हुकमावर चालला होता.

जार टेस्ट (बीकरमध्ये वेगवेगळे डोस देऊन पाहणे) केली, पण नेहमीसारखी 'फ्लॉक किती लवकर बसतो' हे पाहून नाही. इथे क्लॅरिफायरच नाही, तेव्हा फ्लॉक बसण्याला अर्थ नाही. दोन गोष्टी मोजल्या: ०.४५ मायक्रॉनमधून गाळलेल्या पाण्याचा यूव्ही-२५४, आणि ५०० मिलिलिटर पाणी ठरावीक व्हॅक्यूमवर गाळायला लागणारा वेळ. दुसरी मोजणी महत्त्वाची, कारण पॉलिसॅकराइडमध्ये अॅरोमॅटिक कडे नसल्याने ती यूव्हीला जवळजवळ दिसतच नाहीत. नुसत्या यूव्हीवर विसंबले तर नेमका मुख्य गुन्हेगार निसटतो.

१२ च्या डोसला यूव्ही ०.०९१ आणि गाळायला ११ मिनिटे. २५ ला ०.०७८ आणि ७ मिनिटे. ३५ ला ०.०६४ आणि ४ मिनिटे. ४५ ला यूव्ही ०.०५७, वेळ जवळजवळ तेवढाच. ५५ ला वेळ पुन्हा वाढून साडेचार मिनिटे, कारण आता अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचीच जेल फिल्टर अडवू लागली. मग ३५ चाच डोस, पण पीएच ७.० वर आणून: यूव्ही ०.०५२ आणि वेळ २ मिनिटे ४० सेकंद.

आणखी एक बीकर डोळे उघडणारा ठरला. तराफ्यावर क्लोरीन पडण्यापूर्वीचे पाणी घेऊन १२ चाच डोस दिला, तर ११ ऐवजी ८ मिनिटे. म्हणजे प्री-क्लोरिनेशन शेवाळाच्या पेशी फोडून आतला माल पाण्यात ओतत होते. अख्खी पेशी ०.१ मायक्रॉनवर सहज अडते आणि बॅकवॉशला निघून जाते. फुटलेली पेशी छिद्रात शिरते.

निर्णयाचे पर्याय

फ्लक्स कमी करणे, म्हणजे आठ नगांची आणखी एक रॅक. काम झाले असते, पण मूळ कारण जागेवर राहिले असते आणि रॅक यायला महिने लागले असते. ओझोन हा सिरॅमिकचा खास फायदा आहे, मेम्ब्रेन त्याने खराब होत नाही. सिंगापूरच्या चोआ चू कांग जलशुद्धीकरण केंद्रात ओझोन आणि सिरॅमिक असा जोड आहे. पण ताशी ६० घनमीटरच्या प्लांटला ऑक्सिजन, जनरेटर, उरलेला ओझोन नष्ट करणारे यंत्र, हे ओझे पेलवणारे नव्हते. नेदरलँड्समधील आंदाइक इथे सिरॅमिकच्या आधी आयन एक्स्चेंज (रेझिनवर द्रव्ये धरून ठेवणारी प्रक्रिया) आहे. ते ह्यूमिक द्रव्ये छान काढते, पण बायोपॉलिमर त्याला फारसे सापडत नाहीत, शिवाय रीजनरेशनचे, म्हणजे रेझिन पुन्हा ताजे करताना निघणारे, खारे पाणी सोडायचे कुठे? अॅक्टिव्हेटेड कार्बनच्या भुकटीचीही हीच गत: लहान रेणू शोषते, मोठ्यांना तिच्या छिद्रांत जागा नाही. वासासाठी ती चांगली, फाउलिंगसाठी नाही.

उरला कोअॅग्युलेशन (पीएसीने कण आणि द्रव्ये एकत्र बांधणे) सुधारण्याचा मार्ग. त्यावर एक आक्षेप आला आणि तो पुस्तकाप्रमाणे बरोबर होता. अॅल्युमिनाचा समविद्युत बिंदू (जिथे पृष्ठावरचा प्रभार शून्य होतो तो पीएच) ८ ते ९ दरम्यान. पाणी ७ वर आणले तर मेम्ब्रेनवरचा धन प्रभार वाढेल आणि ऋण प्रभाराची सेंद्रिय द्रव्ये अधिक ओढली जातील. उत्तर जार टेस्टमध्येच होते: कमी पीएचला ती द्रव्ये मोकळी उरतच नाहीत, फ्लॉकमध्ये बांधली जातात. दुसऱ्या बाजूने, शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणाने दुपारी कच्च्या पाण्याचा पीएच ८.८ पर्यंत चढत होता. त्या पीएचला अॅल्युमिनियम बऱ्यापैकी विरघळलेलेच राहते आणि मेम्ब्रेनमधून पलीकडे किंवा मेम्ब्रेनच्या आत जाऊन बसते. टीएमपीचा आलेख नीट पाहिला तर रोज दुपारी त्याचा चढ तीव्र होता. हे दोन महिने स्क्रीनवर दिसत होते.

काय केले

आधी मेम्ब्रेन पूर्ण धुतल्या, एका वेळी एक रॅक:

- १ टक्का सायट्रिक आम्ल, दोन तास फिरवणे. मग पाणी उदासीन होईपर्यंत धुणे.
- सॉफ्टनरच्या पाण्यात कॉस्टिक, पीएच १२, त्यात क्लोरीन १००० मि.ग्रॅ./लि.; रात्रभर मुरवणे.
- पुन्हा धुणे. मुक्त क्लोरीन शून्य दिसल्याशिवाय पुढे जायचे नाही.
- पुन्हा आम्ल, एक तास.

पारगम्यता ३८० वर आली. ४१० पूर्ण मिळाली नाही. आतपर्यंत गेलेला थोडा भाग राहिला आणि त्यामागे आणखी रसायन ओतले नाही.

त्याबरोबर डोस ३५, सल्फ्युरिक आम्लाने पीएच ७.०. अल्कलिनिटी १३० असल्याने आम्ल लागले सुमारे २० मि.ग्रॅ./लि., दिवसाला २९ किलो. पीएच ६.८ च्या खाली जाणार नाही असा इंटरलॉक (आपोआप रोखणारी सोय) ठेवला, कारण पुढे जुनी बिडाची पाइप आहे. पीएसीचा पंपही बदलला. जुना पंप भविष्यातल्या विस्तारासाठी म्हणून ताशी २० लिटरचा घेतला होता. १२ च्या डोसला लागत होते ताशी ०.६ लिटर, म्हणजे क्षमतेच्या ३ टक्के. पंप मधूनमधून एक ठोका देई आणि त्यामधले पाणी बिनडोसचे जाई. ताशी ४ लिटरचा लहान पंप लावल्यावर हा खेळ थांबला.

तराफ्यावरचा सक्शन पृष्ठभागापासून १ मीटरवर होता, तो ४ मीटर खोल नेला. प्री-क्लोरिनेशन बंद केले. आम्ल आणि हायपोच्या लाइन वेगळ्या केल्या, पंप वेगळे, मध्ये सक्तीचा पाण्याचा धुवा. हे झाल्यावर आठवड्याचा आम्ल-बॅकवॉश आपोआप वेळेवर होऊ लागला, कोणाला बजावावे लागले नाही.

परिणाम

सहा आठवड्यांनी, पाणी २४ अंश असताना, बॅकवॉशनंतरचा टीएमपी २६ किलोपास्कल. २० अंशांना पारगम्यता ३५०. बॅकवॉश ९० मिनिटांनी, पाण्याचा अपव्यय ७ टक्क्यांच्या आत. हायपो-कॉस्टिकचा बॅकवॉश तीन दिवसांतून एकदा. एप्रिलमध्ये शेवाळाची दुसरी लाट आली तेव्हा आम्लाच्या पंपाचा डायफ्रॅम फाटला आणि चार दिवस पीएच सांभाळला गेला नाही. टीएमपी २६ वरून ४१ झाला. पंप दुरुस्त करून एक आम्ल-बॅकवॉश दिल्यावर ३० वर उतरला. न मागता मिळालेला हा प्रयोग सगळ्या जार टेस्टपेक्षा बोलका होता.

सगळे सुरळीत झाले असेही नाही. प्री-क्लोरिनेशन थांबवल्यावर पाच आठवड्यांत कच्च्या पाण्याच्या पाइपलाइनमध्ये बुळबुळीत थर धरला आणि पंपावरचा दाब वाढला. आता आठवड्यातून एका रात्री पाइपमध्ये क्लोरीनचा जोरदार डोस देतात आणि ते पाणी मेम्ब्रेनवर न घेता बाहेर सोडतात. सांडपाण्यातला गाळही वाढला. डोस जवळजवळ तिप्पट केल्यावर तो वाढणारच होता, पण ड्राइंग बेडचा (गाळ सुकवण्याचे वाफे) विचार आधी झाला नव्हता.

वेगळे काय करता आले असते

पायलट जानेवारीत चालवायला हवा होता, किंवा निदान पावसाळा आणि हिवाळा दोन्हींत. जलाशयाच्या पाण्यासाठी सिरॅमिक घेताना पुरवठादाराने फक्त पावसाळी आकडे दाखवले तर ऑर्डर थांबवण्याइतके हे कारण पुरेसे आहे.

नग काढून तपासण्याचा निर्णय डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घ्यायचा होता, जेव्हा हायपो वाढवूनही टीएमपी परत चढला. तिथे दिशा चुकली. एक रसायन वाढवून फरक पडत नाही म्हणजे ते आणखी वाढवायचे नसते. त्या वेळी चाचणी झाली असती तर जानेवारीतल्या दोन ट्रिप आणि बरेच पाणी वाचले असते.

आम्ल देण्याऐवजी पीएच कार्बन डायऑक्साइडने उतरवण्याचा पर्याय नीट तपासला गेला नाही. तो आम्लाच्या तुलनेत सुरक्षित आहे आणि डोस जास्त झाला तरी पीएच धाडकन खाली जात नाही. पुढच्या पाइपचा आणि सल्फेटचा विचार करता हा पर्याय कदाचित सरस ठरला असता.

आता लॉगबुकात रोज पाच आकडे आहेत: तापमान, २० अंशांची पारगम्यता, कच्च्या आणि गाळलेल्या पाण्याचा यूव्ही-२५४, दुपारी तीनचा पीएच आणि गाळण्याचा वेळ. गढूळपणा सहावा, आणि डोस आता त्याच्यावर चालत नाही.